किलिमांजारो : मारंगू पाच दिवसांत की माचामे सात दिवसांत?

नमस्कार. येत्या जानेवारीत आम्ही चौघे टांझानियातील किलिमांजारोच्या उहुरू शिखरावर (५,८९५ मीटर) जाण्याच्या विचारात आहोत. दोर लावावा लागत नाही, वाट शेवटपर्यंत चालत जाण्याची आहे, त्यामुळे माझी शंका पायांविषयी नसून विरळ हवेविषयी आहे.

बाकीच्या तिघांचा कल पाच दिवसांच्या मारंगू वाटेकडे आहे, कारण तिचा चढ सौम्य आहे आणि तंबूऐवजी झोपड्यांत राहता येते (हे आकर्षण मलाही आहे, नाकारत नाही). मात्र मुक्काम कागदावर मांडले तेव्हा धास्ती वाटली : पहिली रात्र मांडाराला सुमारे २,७०० मीटरवर, दुसरी होरोंबोला ३,७०० वर, तिसरी किबोला ४,७०० वर आणि त्याच मध्यरात्री शिखराकडे कूच. ३,००० मीटरच्या वर झोपण्याची उंची दिवसाला ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, असे डॉक्टर सांगतात. येथे ती त्याच्या दुपटीने वाढते. याउलट सात दिवसांच्या माचामे वाटेवर लाव्हा टॉवरपाशी सुमारे ४,६०० मीटरपर्यंत चढून त्याच दिवशी ४,००० च्या खाली बारांकोला मुक्कामाला उतरतात. ‘पोले पोले’, म्हणजे हळूहळू, चालले की सगळे जमते, असे मित्र म्हणतात; पण हळू चालल्याने मुक्कामाची उंची कमी होत नाही.

एवढी काळजी करण्याचे कारण असे, की तीन वर्षांपूर्वी हिमालयात साधारण ४,५०० मीटरवर माझे डोके ठणकू लागले आणि उलट्या झाल्या. उपाशीपोटी चालल्यामुळे होत असेल, असे समजून मी कोणाला काही बोललो नाही. पुढे पाऊल सरळ पडेना, तेव्हा सोबत्यांनीच मला खाली आणले आणि पाच-सहाशे मीटर उतरताच बरे वाटू लागले. गप्प राहण्याची ती चूक पुन्हा करायची नाही.

मारंगू वाटेनेच, पण होरोंबोला एक रात्र जास्त काढून कोणी गेले असल्यास त्या जादा दिवसाचा प्रत्यक्षात किती उपयोग झाला, ते कळवावे. तेवढ्याने भागत असेल तर मित्रांचे मन वळवणे सोपे जाईल. डॉक्टरांनी मला विरळ हवेचा त्रास टाळण्यासाठी ॲसिटाझोलामाइड ही गोळी सुचवली आहे. मात्रेबद्दल त्यांच्याशी बोलणे झाले आहे, त्यामुळे तो प्रश्न येथे नाही. पण त्या गोळीने रात्री वारंवार लघवीला उठावे लागते, बोटांना मुंग्या येतात, असे ऐकतो. गोठवणाऱ्या थंडीत तुम्ही हे कसे निभावले?

शेवटची शंका शिखराच्या रात्रीची. गाइड बंधनकारक आहे, हे माहीत आहे. परंतु चौघांपैकी एकाला परतावे लागले तर त्याच्यासोबत उतरायला दुसरा गाइड असतो का, की सगळ्यांनाच फिरावे लागते? हे बुकिंग करतानाच लिहून घ्यावे का?