मदत हवी आहे: लाईट जाऊन आली की दुकानातलं नेट गायब, वाय-फायच्या दांड्या मात्र फुल्ल

जांभादगड

नमस्कार मंडळी,

चिपळूणजवळ आमचं घर. खाली माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान, वर आम्ही राहतो. फायबरचं कनेक्शन दुकानात आहे. भिंती जांभ्याच्या, त्यामुळे वर वाय-फाय पोचायचंच नाही. म्हणून नेटवाल्याकडच्या मुलाने दुकानातल्या फायबरच्या डब्यातून एक केबल वर नेली आणि आधीच्या कनेक्शनचा राउटर घरात पडून होता तो तिला जोडून दिला. दोन्हीकडे वाय-फायचं नाव-पासवर्ड एकच. वर नेट झकास चालू झालं आणि खाली ताप सुरू झाला.

लाईट जाऊन आली की हमखास दुकानातल्या कॉम्प्युटरवर 'नो इंटरनेट' येतं. वाय-फायचा प्रिंटर दिसेनासा होतो. त्याच वेळी माझ्या मोबाइलवर नेट चालू असतं आणि नवऱ्याच्या बंद, किंवा उलट. सगळं बंद करून चालू केलं की कधी सुधारतं, कधी नाही. डब्यावरचे दिवे ठीक आहेत, लॉसचा लाल दिवा लागत नाही. कस्टमर केअरचं एकच पालुपद, 'मॅडम, रीस्टार्ट करा.' समोर सातबाऱ्याची प्रिंट घ्यायला माणसं उभी असतात हो. जाणकारांनी मदत करावी. आगाऊ धन्यवाद.

फुकटसल्ला

डीएनएस, म्हणजे साइटच्या नावावरून पत्ता शोधणारा सर्व्हर, ८.८.८.८ टाकून बघा. माझं त्याने झालं होतं.

उंडगा

डब्याच्या मागे बारीक भोक असतं, त्यात पिन घालून दहा सेकंद दाबा. सगळं कोरं होतं. नव्याने सुरुवात.

तांब्याची तार

उंडगा, कृपा करा! ताई, फायबरच्या डब्याला अजिबात पिन लावू नका. नेटवाल्याने त्यात युजरनेम, पासवर्ड आणि व्हीलॅनचा नंबर भरून दिलेला असतो. तो पुसला गेला की माणूस घरी येईपर्यंत दुकान बंद. वरच्या जुन्या राउटरला रिसेट मारलात तर एवढं बिघडणार नाही, पण त्याचीही गरज दिसत नाही.

दोन गोष्टी सांगा. एक, वरच्या राउटरला केबल कुठल्या भोकात लावली आहे? वेगळ्या रंगाच्या एकट्या भोकात की चार सारख्या भोकांपैकी एकात? दुसरं, नेट चालू असताना आणि बंद असताना, दोन्ही वेळा दुकानातल्या कॉम्प्युटरवर कमांड प्रॉम्प्ट उघडून 'आयपीकॉन्फिग /ऑल' चालवा. आयपीव्ही४ पत्ता, डिफॉल्ट गेटवे (बाहेर जायचं दार) आणि डीएचसीपी सर्व्हर (मशीनला पत्ता देणारा) या तीन ओळी इथे द्या. नेट बंद असताना 'पिंग ८.८.८.८' पण करा.

जांभादगड

केबल चार पिवळ्या भोकांपैकी एकात आहे. निळं भोक रिकामं.

चालू असताना: पत्ता १९२.१६८.१.६, गेटवे १९२.१६८.१.१, डीएचसीपी सर्व्हर पण १९२.१६८.१.१.

आज सकाळी लाईट गेल्यावर: पत्ता १९२.१६८.०.१०३, गेटवे १९२.१६८.०.१, डीएचसीपी सर्व्हर १९२.१६८.०.१. पिंगला उत्तर आलं नाही.

तांब्याची तार

सापडला चोर. ८.८.८.८ हा थेट आकडी पत्ता आहे, तिथे जायला डीएनएस लागतच नाही. तरीही पिंग जात नाही, म्हणजे डीएनएसचा यात हात नाही. फुकटसल्ला यांचा उपाय दुसऱ्या आजारावरचा आहे.

आता नीट बघा. तुमचं मशीन दुकानात, डब्याच्या शेजारी. तरी नेट बंद असताना त्याला पत्ता दिलाय १९२.१६८.०.१ने, म्हणजे वरच्या राउटरने! पिवळी भोकं लॅनची, म्हणजे घरातल्या जाळ्याची असतात. लॅनला लॅन जोडलं की वरचं आणि खालचं मिळून एकच जाळं होतं. ते चांगलंच आहे. पण त्या एका जाळ्यात डीएचसीपी दोघांचंही चालू आहे. एका वाड्याला दोन मालक आणि दोघेही येईल त्याला खोल्या देतायत, असा प्रकार. नवीन आलेलं मशीन 'मला पत्ता द्या' असं सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडतं आणि सहसा ज्याचं उत्तर आधी येतं त्याचं घेतं. डब्याने दिलेला पत्ता मिळाला तर नेट चालतं. वरच्याचा मिळाला तर मशीन सगळा माल १९२.१६८.०.१कडे पाठवतं, आणि त्याचं निळं, म्हणजे वॅनचं (बाहेरच्या नेटचं) भोक तर रिकामं. पुढे जायला रस्ताच नाही.

लाईटचा संबंधही यातच आहे. जुना छोटा राउटर चटकन उभा राहतो, फायबरचा डबा सावकाश. लाईट आली की पहिला बोलतो तो वरचा. शिवाय एकदा पत्ता मिळाला की मशीन अर्धी मुदत संपल्यावर त्याच राउटरकडे मुदतवाढ मागतं, म्हणून आपोआप लवकर सुधारत नाही. आणि प्रिंटरकडे १९२.१६८.१चा पत्ता, कॉम्प्युटरकडे १९२.१६८.०चा, मग ते एकमेकांना दिसायचे कसे?

उपाय करताना क्रम सोडू नका. वरच्या राउटरची खालून आलेली केबल काढा. लॅपटॉपचं वाय-फाय बंद करून तो वरच्या राउटरच्या पिवळ्या भोकात केबलने जोडा. ब्राउझरमध्ये १९२.१६८.०.१ उघडा. आधी लॅनच्या पानावर राउटरचा स्वतःचा पत्ता १९२.१६८.१.२ करा, मास्क २५५.२५५.२५५.०. राउटर परत चालू होईल. केबल एकदा काढून घाला आणि नव्या पत्त्यावर लॉगिन करा. आता डीएचसीपी बंद करून सेव्ह करा. मग खालची केबल पुन्हा पिवळ्या भोकातच लावा. आधी डीएचसीपी बंद केलंत तर लॅपटॉपला पत्ता मिळणार नाही आणि अडकून पडाल.

डब्याच्या पानावर एकदा डोकवा. त्याचं वाटप १९२.१६८.१.२पासूनच सुरू होत असेल तर ते १०पासून करा, नाहीतर एखाद्या मोबाइलला राउटरचाच पत्ता जाईल. ते पान नेटवाल्याने कुलूपबंद केलं असेल तर राउटरला १९२.१६८.१.२५३ द्या. शंभर टक्के सुरक्षित नाही, पण घरात पाच-पंधरा उपकरणं असतील तर सहसा चालून जातं.

रावसाहेब_ऑनलाइन

एवढा खटाटोप कशाला? केबल निळ्या भोकात लावा. दोन मिनिटांचं काम.

तांब्याची तार

नेट चालेल, मान्य. पण मग वरचा राउटर आपलं वेगळं जाळं करून त्याच्या मागे बसतो, पत्त्यांचं भाषांतर दोनदा होतं. वरच्या मोबाइलला दुकानातला प्रिंटर आपोआप सापडणार नाही, आणि दुकानातून वरचं काही उघडणार नाही. नुसतं यूट्यूब बघायचं असतं तर मीही हेच सांगितलं असतं. इथे प्रिंटरवर पोट आहे. राउटर जरा नवा असेल तर त्यात 'ॲक्सेस पॉइंट मोड' असतो, तो निवडला की मी लिहिलेली बहुतेक कामं तो स्वतःच करतो.

जांभादगड

मोड नव्हता, हाताने केलं. डब्याचं पान उघडलं, वाटप १०पासून केलं. मग मुद्दाम मेन स्विच पाडून परत चालू केला. दुकानातला कॉम्प्युटर सरळ १९२.१६८.१वर आला, प्रिंटरही दिसला. खूप खूप आभार! दोन शंका राहिल्या. गिऱ्हाइकं वाय-फायचा पासवर्ड मागतात, नाही म्हणता येत नाही. आणि दुकानातला कॅमेरा बाहेरगावाहून बघायला कोणीतरी पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरून थेट कॅमेऱ्यापर्यंत वाट) करून दिलंय, पण चालत नाही. डब्याच्या पानावर वॅनचा पत्ता १००.९१ने सुरू होतो.

चहाबाज

धाग्यावर थोडं अतिक्रमण. मीही घरी असंच करून ठेवलंय. आता खालची केबल काढून राउटरचं पान उघडायला गेलो तर उघडत नाही, लॅपटॉपला १६९.२५४ असा काहीतरी पत्ता दिसतो.

तांब्याची तार

चहाबाज, १६९.२५४ म्हणजे पत्ता देणारं कोणी भेटलं नाही म्हणून विंडोजने स्वतःच घेतलेला पत्ता. डीएचसीपी बंद आहे, तेव्हा ते बरोबरच आहे. केबल परत लावलीत तर पान तसंच उघडेल. केबल न लावता हवं असेल तर लॅपटॉपला हाताने १९२.१६८.१.५० द्या, मास्क २५५.२५५.२५५.०, गेटवे रिकामा चालेल. काम झालं की परत 'ऑटोमॅटिक' करा, हे लोक हमखास विसरतात.

ताई, गिऱ्हाइकांसाठी डब्यावर गेस्ट नेटवर्क असेल तर ते चालू करा, पण फक्त डब्यावर. वरच्या राउटरवर नको, कारण या जोडणीत स्वस्त राउटरचं गेस्ट बरेचदा नावालाच वेगळं असतं, माणूस थेट तुमच्या कॉम्प्युटरच्या जाळ्यात येतो. दोन्हीकडे लॉगिन ॲडमिन-ॲडमिन असेल तर आजच बदला.

कॅमेऱ्याचं म्हणाल तर १००.६४ ते १००.१२७ हे पत्ते कंपन्यांना आतल्या वापरासाठी २०१२ साली राखून ठेवलेत. अनेक ग्राहकांत मिळून एकच बाहेरचा पत्ता असतो, त्यामुळे तुमच्या डब्यावर कितीही पोर्ट उघडलंत तरी बाहेरून येणारा तिथवर पोचत नाही. ते फॉरवर्डिंग काढून टाका. एकतर कंपनीकडून पैसे भरून स्टॅटिक आयपी, म्हणजे तुमचा एकट्याचा कायमचा बाहेरचा पत्ता घ्या, नाहीतर कॅमेऱ्याच्या डब्यावरचा क्यूआर कोड त्याच्याच ॲपमध्ये स्कॅन करा. ते ॲप आतून बाहेर जोडणी करतं, त्याला हा अडथळा येत नाही. एका दुकानाच्या कॅमेऱ्यासाठी मी तरी स्टॅटिकचे पैसे भरणार नाही.

जांभादगड

क्यूआरवर चाललं. पुण्याहून भावाने बघितलं, म्हणाला काउंटरवर कोणीच नाही. मी वर राउटरचा पासवर्ड बदलत होते.