मदत हवी आहे : कारण शोधायचे की भाकीत करायचे?

नमस्कार. जंगलाचे तुकडे पडल्यामुळे पक्ष्यांच्या प्रजाती नाहीशा होतात का, हे मी लाखो नोंदींच्या आधारे तपासत आहे. रँडम फॉरेस्ट या (अनेक निर्णयवृक्षांची उत्तरे एकत्र करणाऱ्या) संगणकीय पद्धतीचे भाकीत सरस येते, पण त्यातून कारण उलगडत नाही. उलट लॉजिस्टिक मॉडेलमध्ये (प्रजाती आढळण्याची शक्यता मांडणाऱ्या संख्याशास्त्रीय मॉडेलमध्ये) नोंदी इतक्या आहेत की नगण्य परिणामाचेही पी-मूल्य 0.05 च्या खाली जाते, म्हणजे तो संख्याशास्त्रीयदृष्ट्या लक्षणीय ठरतो, म्हणून त्यावर विसंबणे मला पटत नाही. शिवाय जवळजवळच्या ठिकाणांच्या नोंदी एकमेकींसारख्या असल्याने, नोंदींची मॉडेल शिकवण्यासाठी आणि तपासण्यासाठी अशी यादृच्छिक विभागणी करून तपासलेली अचूकता फसवी निघाली, आणि हे माझ्या फार उशिरा ध्यानात आले.

भूभागाचे सलग गट पाडून पडताळणी करताना गटाचा आकार कसा ठरवावा? कारणमीमांसेसाठी चलांची (मॉडेलमध्ये घ्यायच्या घटकांची) निवड भाकिताच्या अचूकतेवरून करणे योग्य आहे का? अनुभवी अभ्यासकांनी कृपया मार्गदर्शन करावे.