एसएसीडी आणि सीडीमध्ये फरक का ऐकू येत नाही?

प्रश्न: हायब्रिड एसएसीडी (सुपर ऑडिओ सीडी; हायब्रिड म्हणजे एकाच डिस्कवर एसएसीडीचा आणि साध्या सीडीचा असे दोन थर) घेतली. प्लेअर ऑप्टिकल केबलने डॅकला (डिजिटल सिग्नल अॅनलॉगमध्ये बदलणाऱ्या उपकरणाला) जोडला आहे. साध्या सीडीपेक्षा तसूभरही वेगळी वाटत नाही. डिस्क खराब, की कान?

प्रतिसाद १: दोन्ही ठीक आहेत, केबल चुकली. ऑप्टिकल किंवा कोअॅक्सिअलमधून एसएसीडीचा डेटा बाहेर पडत नाही. कॉपीबंदीमुळे तो अडवलेला असतो. तुम्ही १६ बिट, ४४.१ किलोहर्ट्‌झचा सीडी थरच ऐकताय. प्लेअरचे अॅनलॉग आउट वापरा, किंवा दोन्हीकडे सोय असेल तर एचडीएमआय. डिस्प्लेवर ‘एसएसीडी’ दिसतंय ना, तेही बघा.

प्रतिसाद २: आणि दोन थरांची तुलना करताना आवाजाची पातळी आधी जुळवा. अर्धा डेसिबल जास्त असलं तरी तेच ‘छान’ वाटतं!

प्रतिसाद ३: खरा फरक मास्टरिंगचा, म्हणजे डिस्क काढण्याआधी रेकॉर्डिंगवर केलेल्या अंतिम संस्काराचा. पिंक फ्लॉइडच्या ‘द डार्क साइड ऑफ द मून’ या अल्बमच्या २००३च्या हायब्रिड डिस्कवर सीडीचा थर स्टिरिओ एसएसीडीपेक्षा जास्त दाबलेला (हळू आणि मोठ्या आवाजातलं अंतर कमी केलेला) आहे. तिथे फरक कळला, तर श्रेय एसएसीडीच्या सॅम्पलिंगच्या वेगाला, म्हणजे २.८२२४ मेगाहर्ट्‌झला देऊ नका. मूळ रेकॉर्डिंग ४४.१ किलोहर्ट्‌झचं असेल, तर एसएसीडीवर पैसे घालू नयेत, असं माझं मत.