दुसऱ्या महायुद्धातला भारत: दहा फलकांत कुठली वळणं घ्यावीत?

वाशी_वाचनकट्टा
वाशीत आमच्या सोसायटीच्या वाचनालयात ऑगस्टमध्ये प्रदर्शन लावतोय. दहा फलक, प्रत्येकी अडीच बाय दोन फूट. नववी-दहावीची मुलं बघायला येतील. यादी ३ सप्टेंबर १९३९, कोहिमाची लढाई आणि हिरोशिमा इथेच अडली आहे. मधे काय घ्यावं? आणि ठाणे जिल्ह्याशी जोडता येण्यासारखं काही आहे का?

खाडीकाठ
लढाई मोठी होती म्हणून ती वळण ठरत नाही. त्या तारखेनंतर भारताचं युद्धातलं काम बदललं का, एवढंच बघा. या कसोटीवर हिरोशिमा गळतं.

१९३९ ला एक फलक पुरे: व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी इथल्या कुणालाही न विचारता भारत युद्धात असल्याचं जाहीर केलं, आणि त्यावरून ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये काँग्रेसच्या प्रांतिक मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले. पुढची दोन वर्षं भारत माणसं आणि माल बाहेर पाठवत होता. इजिप्तमधली सिदी बराणी, इरिट्रियातली केरन या लढाया त्यातल्याच. त्या एका नकाशात बसवा.

खरी जागा १९४२ ला द्या, निदान तीन फलक. १५ फेब्रुवारीला सिंगापूर पडलं, ८ मार्चला रंगून, २३ मार्चला जपानी अंदमानात उतरले, ६ एप्रिलला विशाखापट्टणम आणि काकीनाड्यावर बॉम्ब पडले. पन्नास दिवसांत युद्ध दारात आलं. ब्रिटिश मंत्री क्रिप्स भारताशी वाटाघाटी करायला मार्चमध्येच का आले आणि ८ ऑगस्टला मुंबईत गवालिया टँकवर 'छोडो भारत'चा ठराव का झाला, हे या तारखा शेजारी ठेवल्याशिवाय मुलांना कळणार नाही.

बंगालचा दुष्काळ वगळू नका. रंगूनबरोबर ब्रह्मदेशचा तांदूळ गेला, जपान्यांच्या हाती लागू नयेत म्हणून सरकारने बंगालच्या किनारपट्टीतल्या होड्या काढून घेतल्या, ऑक्टोबर १९४२ मध्ये मेदिनीपूरला चक्रीवादळ झालं, आणि धान्याचे भाव मजुराच्या हाताबाहेर गेले. सुमारे तीस लाख माणसं गेली. ही साखळी बाणांनी दाखवा, नुसता आकडा लिहू नका.

नकाशावाला
वरच्याशी सहमत. फलक छापायच्या आधी एवढं तपासा.

पर्ल हार्बरवरचा जपानी हल्ला ७ डिसेंबर १९४१, पण मलायातलं जपानी आक्रमण आपल्याकडच्या तारखेने ८ डिसेंबर. दोन्ही एकाच फलकावर असतील तर खाली कारण (आंतरराष्ट्रीय वाररेषा) लिहा, नाहीतर मुलं चूक काढतील. सैन्याचे आकडे लाखांतच द्या: १९३९ ला सुमारे दोन लाख, १९४५ ला पंचवीस लाख. 'मिलियन'चं भाषांतर करताना शून्य हमखास घसरतं. ही भरती सक्तीची नव्हती, हेही लिहा.

इंफाळ आणि कोहिमा एकच मोहीम आहे, दोन फलक करू नका. कोहिमा ४ एप्रिल ते २२ जून १९४४. जपानी सैन्य जेमतेम तीन आठवड्यांची शिदोरी घेऊन ब्रह्मदेशातली चिंदविन नदी ओलांडून आलं होतं. मागून रसद आली नाही, वर पाऊस सुरू झाला. इंफाळला मात्र विमानांनी धान्य आणि दारूगोळा पोचत राहिला. नकाशात डोंगररांगा आणि नदी ठळक काढा, सगळं उत्तर तिथेच आहे.

कल्याण_लोकल
ठाणे जिल्ह्यासाठी उल्हासनगर घ्या. महायुद्धात तिथे लष्कराची छावणी होती, कल्याण कॅम्प. फाळणीनंतर सिंधी निर्वासितांना त्याच बराकींत जागा दिली. आजही लोक 'कॅम्प नंबर तीन', 'कॅम्प नंबर चार' असंच सांगतात. नेवाळीची धावपट्टीही त्याच काळातली. तिथल्या शेतकऱ्यांच्या जमिनीचा प्रश्न २०१७ च्या आंदोलनापर्यंत पेटलेला होता.

शेजारच्या रायगडातले नाईक (हा लष्करी हुद्दा) यशवंत घाडगे विसरू नका. मराठा लाइट इन्फंट्रीचे. १० जुलै १९४४ ला इटलीत तुकडीतले सगळे पडल्यावर एकट्याने मशीनगनच्या मोर्चावर चालून गेले आणि तिथेच मारले गेले. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटिशांचं सर्वोच्च शौर्यपदक. माणगावला त्यांचा पुतळा आहे.

वाशी_वाचनकट्टा
मनापासून आभार. मुंबई गोदीचा स्फोट १४ एप्रिल १९४४ आणि मणिपुरात मोइरांगला आझाद हिंद सेनेने झेंडा फडकवला तोही १४ एप्रिल १९४४. एकाच फलकावर घ्यावं का?

खाडीकाठ
घ्याच. डावीकडे मोइरांग, उजवीकडे मुंबई गोदीतला व्हिक्टोरिया डॉक. 'फोर्ट स्टिकिन' जहाजात सुमारे १,४०० टन स्फोटकं होती आणि कराचीत चढवलेला कापूसही. आग कापसाला लागली. पहिला स्फोट दुपारी ४ वाजून ६ मिनिटांनी, दुसरा साधारण अर्ध्या तासाने. दोन्ही घटनांचा एकमेकींशी संबंध नाही, हे मधे स्पष्ट लिहा, नाहीतर घातपाताची अफवा मुलांबरोबर घरी जाईल.

शेवटचा फलक हिरोशिमाऐवजी असा करा: नोव्हेंबर १९४५ ला लाल किल्ल्यात आझाद हिंद सेनेच्या अधिकाऱ्यांवरचा खटला, १८ फेब्रुवारी १९४६ ला मुंबईत नौदलाच्या 'तलवार' या तळावर सुरू झालेला नाविकांचा उठाव, आणि युद्धखर्चापोटी ब्रिटनच्या डोक्यावर चढलेलं भारताचं सुमारे १३० कोटी पौंडांचं देणं. पौंडाचा आकडा सगळ्यात मोठ्या अक्षरात.