इजिप्शियन पुराणकथा मूळ चित्रलिपीतून वाचाव्यात की भाषांतरांवर भागवावे?

प्रश्न : नाइलकाठ

नमस्कार. गेले वर्षभर मी प्राचीन इजिप्तच्या पुराणकथा इंग्रजी भाषांतरांतून वाचत आहे. ओसायरिसची कथा बहुतेक पुस्तकांत एकाच साच्यात येते : सेथ आपल्या भावाला कपटाने पेटीत बंद करून नदीत सोडतो, आयसिस पतीचा देह शोधून काढते आणि पुढे होरस पित्याचे राज्य परत मिळवतो. ही कथा मूळ इजिप्शियन पाठात पाहावी म्हणून शोध घेतला, तेव्हा मंत्र, स्तोत्रे आणि तुटक उल्लेख मिळाले. सलग कथा मात्र कोठेच सापडली नाही. शिवाय ‘मृतांचे पुस्तक’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मंत्रसंग्रहाची दोन भाषांतरे शेजारी ठेवली, तर तोच मंत्र दोन निराळ्या ग्रंथांतला वाटावा इतका फरक दिसला. माझा शोध चुकीच्या दिशेने चालला आहे का? आणि नोकरी सांभाळून ही लिपी शिकणे कितपत शक्य आहे?

उत्तर : जुनी पोथी

आपला शोध अगदी योग्य दिशेने चालला आहे. पेटीची ती सलग कथा आपल्यापर्यंत आली ती प्लुटार्क या ग्रीक लेखकाकडून. त्याने ती इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या आरंभी ग्रीक भाषेत लिहिली. सक्कारा येथील उनास राजाच्या पिरॅमिडमध्ये भिंतींवर कोरलेले मंत्र इ.स.पू. २३५० च्या सुमाराचे, म्हणजे प्लुटार्कच्या जवळजवळ अडीच हजार वर्षे आधीचे आहेत. १८८१ मध्ये गास्तों मास्पेरो यांनी ते उजेडात आणले. या पिरॅमिड-मंत्रांत ओसायरिसच्या हत्येचे वर्णन नाही. सेथने त्याला नेदित येथे खाली पाडले, तो कुशीवर पडला आहे, इतकेच सूचित केले जाते. लिहिलेली गोष्ट घडते, अशी श्रद्धा असलेल्या समाजाने देवाचा मृत्यू थडग्याच्या भिंतीवर सविस्तर कोरणे टाळले, हे समजण्यासारखे आहे. काही पिरॅमिडांत तर सापाचे चिन्ह मधोमध छेदलेले किंवा माणसाचे चिन्ह अर्धवट काढलेले दिसते. चिन्ह जिवंत होऊन मृत राजाला इजा करील, ही त्यामागची भीती होती. छापील भाषांतरात हे छेदलेले साप दिसत नाहीत, आणि माझ्या मते ते मंत्रांच्या शब्दांइतकेच महत्त्वाचे आहेत.

ओसायरिसविषयी सर्वांत विस्तृत इजिप्शियन पाठ हवा असेल, तर लूव्र संग्रहालयातील आमेनमोसे याच्या स्मृतिशिळेवरील स्तोत्र पाहावे. ते अठराव्या राजवंशाच्या काळातील आहे. त्यात आयसिस आपल्या पिसांनी सावली धरते, पंखांनी वारा घालते आणि निश्चेष्ट पतीपासून वारस मिळवते; हत्येचा प्रसंग येथेही वगळलेलाच आहे. खऱ्या अर्थाने गोष्ट म्हणून लिहिलेला पाठ म्हणजे होरस आणि सेथ यांच्या वारसाहक्काच्या भांडणाचा. पाचव्या रामसेसच्या काळातील हा पपायरस १९३१ मध्ये अ‍ॅलन गार्डिनर यांनी प्रसिद्ध केला. त्यातले देव तक्रार करतात की, या दाव्यात आपण ८० वर्षे बसून आहोत. हा पाठ मात्र चित्रलिपीत नसून हायरॅटिक या घसटत्या हस्तलिपीत आहे.

उत्तर : अक्षरवेध

लिपीविषयी थोडे लिहितो. अनेक पुराणकथा श्लेषावर उभ्या आहेत, म्हणून शिकावीच. मध्य राज्यकाळातील शवपेट्यांवरच्या एका मंत्रात सृष्टिकर्ता म्हणतो की, देव माझ्या घामापासून झाले आणि माणसे माझ्या डोळ्यांतील अश्रूंपासून. भाषांतरात ही केवळ एक सुंदर कल्पना वाटते. मूळात ‘माणसे’ या शब्दाची व्यंजने र-म-च आहेत आणि ‘अश्रू’ या शब्दाची र-म-य-त. ध्वनींचे साम्य हेच त्या कथेचे प्रमाण होते. तैत्तिरीय संहितेत ‘तो रडला म्हणून रुद्र’ अशी व्युत्पत्ती येते, ती ज्यांनी वाचली आहे त्यांना ही विचारपद्धती परकी वाटणार नाही.

आपल्याला दिसलेल्या फरकाचे एक कारण भाषांतराचा काळ हे असू शकते. अनीच्या पपायरसचे, म्हणजे ‘मृतांचे पुस्तक’ याच्या एका प्रसिद्ध हस्तलिखिताचे, बज यांनी केलेले भाषांतर १८९५ चे आहे. त्याचे हक्क संपल्यामुळे ते सर्वत्र मिळते, परंतु त्यानंतर व्याकरणाची समज पुष्कळ पुढे गेली आहे. फॉकनर यांचे भाषांतर तुलनेने विश्वसनीय आहे. बर्लिनच्या विद्वत्सभेने चालवलेला इजिप्शियन भाषेचा महाकोश इंटरनेटवर विनामूल्य पाहता येतो आणि त्यात अनेक पाठांचे ओळवार लिप्यंतरही आहे. रोज अर्धा तास दिला, तरी वर्षभरात साध्या स्मृतिशिळांवरील दानमंत्र वाचता येतात; ते ठरावीक शब्दांत पुन्हा पुन्हा येत असल्यामुळे हात लवकर बसतो. सुरुवात मात्र राजनामांपासून करावी. पक्ष्यांची आणि माणसांची तोंडे ज्या बाजूला असतील, त्या बाजूने वाचायला घ्यावे. देवाचे नाव आदराने आधी लिहिले जाते, उच्चारात ते शेवटी येऊ शकते, एवढे ध्यानात ठेवून तुतनखामेनच्या नावाची चौकट (राजाचे नाव ज्या लांबट वेढ्यात लिहीत, ती) उघडून पाहावी.

उत्तर : टेम्सकाठी

‘मूळ पाठ’ हा शब्दही जपून वापरावा लागतो, म्हणून एक भर घालतो. ब्रिटिश म्युझियममध्ये शबाका राजाची काळी शिळा आहे. प्ताह देवाने हृदयाने विचार करून आणि जिभेने उच्चारून सृष्टी घडवली, ही कथा तिच्यावर कोरलेली आहे. किड्यांनी खाल्लेल्या जुन्या लेखाची ही नक्कल आहे, असे शिळा स्वतःच सांगते. अनेक अभ्यासक मात्र आता हा पाठ तितका प्राचीन मानत नाहीत. पुढे कोणी तरी या शिळेवर दळण दळले. मधोमध चौकोनी भोक आणि त्याभोवती जात्याला टाकी लावावी तशा खाचा दिसतात, आणि त्या खाचांच्या आसपासची अक्षरे पार झिजून गेली आहेत. भाषांतरात जेथे टिंबे दिसतात, तेथे नेमके काय हरवले आहे, हे त्या दगडासमोर उभे राहिल्यावर मला प्रथमच कळले.

प्रतिसाद : नाइलकाठ

सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री तुतनखामेनची चौकट घेऊन बसलो. बोरूचे पान, सोंगट्यांचा पट आणि पाण्याची लाट ही चिन्हे वर आहेत, ती मिळून ‘आमेन’ होते. खाली पावाचा गोळा, लावा पक्ष्याचे पिल्लू आणि पुन्हा पावाचा गोळा, म्हणजे ‘तुत’, शेजारी ‘अंख’ हे जीवनाचे चिन्ह. देवाचे नाव शेवटी नेल्याबरोबर ‘तुत-अंख-आमेन’ जुळले, तेव्हा झालेला आनंद शब्दांत सांगणे कठीण आहे. परंतु त्याखाली आकडीची काठी, एक खांब आणि एक रोपटे अशी आणखी तीन चिन्हे आहेत. ती नावाचा भाग आहेत का?

उत्तर : अक्षरवेध

ती उपाधी आहे. काठी म्हणजे ‘हेका’, अधिपती. खांब म्हणजे ‘इउनू’ हे नगर, ज्याला ग्रीकांनी हेलिओपोलिस म्हटले. आणि रोपटे म्हणजे दक्षिण. ‘दक्षिणेकडील इउनूचा अधिपती’ असे वाचावे. दक्षिणेकडील इउनू म्हणजे थीब्ज, आमेनचे नगर.