देवाला जाब विचारणं

काही जण म्हणतात की संकटात देवाला जाब विचारला म्हणजे श्रद्धा डळमळली, पण ज्यू परंपरेत तसं नाहीये, तिथे अब्राहम या आद्य पूर्वजापासून देवाशी वाद घालायची रीतच आहे. मला कायम आठवतात ते वॉर्सॉ घेटोमधले, म्हणजे पोलंडमध्ये नाझींनी ज्यूंना कोंडून ठेवलेल्या वस्तीतले, रब्बी (ज्यू धर्मगुरू) कलोनिमस शपिरा, सप्टेंबर १९३९ च्या बॉम्बिंगमध्ये मुलगा गेला, सून गेली, तरी १९४२ पर्यंत हा माणूस उपाशी लोकांना प्रवचनं देत राहिला आणि सांगत राहिला की देव पण एकांतात रडतोय, आपण त्याच्यासोबत रडायचं. त्या प्रवचनांचे पुरून ठेवलेले कागद युद्धानंतर सापडले, शपिरा स्वतः मात्र जिवंत राहिले नाहीत. आणि कद्दिश ही ज्यू प्रार्थना बघा ना, गेलेल्या माणसासाठी म्हणतात पण त्यात मृत्यूचा शब्दच नाही, नुसती देवाची स्तुती, आणि तीही एकट्याने म्हणायची नाही, दहा जण जमावे लागतात.