मदत हवी आहे: नॅनोकॅप्सूल गाठीत पोचत नाहीत, सगळा सिग्नल यकृतात

काजवा: पीएलजीएच्या (शरीरात विघटन होणारा पॉलिमर) कॅप्सूल, आत आयसीजी (चमकणारा रंग) आणि डॉक्सोरुबिसिन (कर्करोगाचं औषध), वर कर्कपेशींना चिकटायला फोलेट. कर्करोगाची गाठ असलेल्या उंदरांना शेपटीच्या शिरेतून दिल्या. ४ तासांनी यकृत लखलखतंय, गाठ काळी. डीएलएसवर (प्रकाश विखुरून कणांचा आकार मोजणं) आकार उत्तम. पुढची बॅच लगेच करायची आहे, फोलेट किती वाढवू?

निरंजन_के: उत्तम म्हणजे किती? पाण्यात मोजला की पीबीएसमध्ये (क्षारांचं द्रावण)? पीडीआय, म्हणजे आकारातली तफावत? वर पेग (प्रथिनं चिकटू न देणारा पॉलिमर) आहे का? गाठीच्या पेशी कुठल्या?

काजवा: पाण्यात १४० नॅनोमीटर, पीडीआय ०.१२. पेग नाही, पीव्हीए (कण स्थिर ठेवणारा पॉलिमर) आहे. पेशी केबी (फोलेट पकडणारे रिसेप्टर भरपूर असलेल्या कर्कपेशी). पण माझा प्रश्न फोलेटचा आहे.

मृण्मयी: पेग नाही, मग फोलेट वाढवून काय होणार? रक्तातली प्रथिनं चिकटतात आणि यकृतातल्या कुप्फर पेशी कॅप्सूल गिळून टाकतात. फोलेटही त्या थराखाली झाकलं जातं. १९९५ला मान्यता मिळालेल्या डॉक्सिलवर (डॉक्सोरुबिसिनचे नॅनोकण) पेग आहे, लक्ष्य शोधणारा रेणू एकही नाही. पीएलजीए-पेग घ्या, पेग २००० रेणुभाराचा. फोलेट त्याहून लांब, ३४००च्या पेगच्या टोकाला लावा, म्हणजे ते बाहेर डोकावेल.

निरंजन_के: थांबा. यकृतात दिसतंय ते कॅप्सूल आहे कशावरून? सुटं आयसीजी प्लाझ्मातल्या प्रथिनांना चिकटतं, यकृत ते उचलतं आणि पित्तावाटे आतड्यात सोडतं. शिवाय कॅप्सूलमध्ये दाटीने भरलेला रंग स्वतःचाच प्रकाश दाबतो, गळला की उजळतो. म्हणजे चित्रात गळतीच जास्त दिसते. आतडं चमकतंय का? प्लीहा?

लोहकण: आयसीजी सोडाच, आयर्न ऑक्साइड भरा आणि एमआरआय करा. प्रकाश शरीरात खोलवर पोचत नाही, ती अडचण राहत नाही.

मृण्मयी: तेही यकृतातच जाणार, एमआरआयच्या टी२ प्रकारच्या चित्रात यकृत काळं पडेल. विचारलंय काय, सांगताय काय!

काजवा: आतडं चमकतंय. प्लीहा वेगळी दिसत नाही.

निरंजन_के: मग आधी गळती तपासा. कॅप्सूल ५० टक्के सीरममध्ये ३७ अंशांवर ठेवा. नुसत्या पीबीएसमध्ये गळती कमी दिसते, रंग ओढून घ्यायला अल्ब्युमिन लागतं. १, ४ आणि २४ तासांनी सेंट्रिफ्यूज करून वरच्या द्रवाचं ८०० नॅनोमीटरच्या आसपास शोषण मोजा, फ्लुरोसन्स नको. सोबत नुसत्या आयसीजीचा नमुना हवाच, उंदरातही. त्याच सीरममध्ये आकारही बघा, गुठळ्या झाल्या तर पाण्यातल्या १४०ला अर्थ नाही.

मृण्मयी: गळती थांबली तरी पेग लागणारच.

निरंजन_के: लागेल. पण दोन्ही एकदम बदललं तर फरक कशामुळे पडला ते कळणार नाही.

अनघा_र: फोलेट मुळात काम करतंय का, हे कुणीच विचारलं नाही. प्राण्यांच्या नेहमीच्या खाद्यात फोलिक अॅसिड भरपूर असतं, त्याने रिसेप्टर आधीच भरलेले राहतात. कमी फोलेटचं खाद्य दोनेक आठवडे आधीपासून द्या. केबी साध्या आरपीएमआयमध्ये (पेशी वाढवायचं पोषक द्रावण) वाढवत असाल तर त्यातही लिटरला १ मिलिग्रॅम असतं, फोलेटविरहित घ्या. सुटं फोलिक अॅसिड भरपूर घालून एक नमुना ठेवा. त्यात ग्रहण घटलं नाही तर फोलेट काम करत नाही. आणि चित्राचं उजळपणाचं स्केल कशावर बसवलंय? यकृतावर असेल तर गाठ काळीच दिसणार. २०१६च्या आढाव्यात गाठीत पोचलेल्या डोसचा मध्यक ०.७ टक्के होता.

काजवा: स्केल आपोआप ठरलंय.

अनघा_र: अवयव बाहेर काढून गाठ, यकृत, प्लीहा, आतडं एकाच ठरावीक स्केलवर घ्या. सुटा रंग प्लीहेत फारसा साठत नाही, त्यामुळे प्लीहा उजळ निघाली तर कॅप्सूल शाबूत, मग मृण्मयी म्हणतात तो पेग. आतडं उजळ आणि प्लीहा मंद असेल तर निरंजनची सीरम चाचणी आधी.